वेणी प्रसंग बघून घाला

कोणती वेणी घालायची हे ठरवण्याआधी त्या दिवशी काय करायचंय ते बघा. मंगळागौरीला झिम्मा-फुगड्या रात्री उशिरापर्यंत रंगतात. तिथे सैल वेणी तासाभरात सुटते. त्यासाठी कपाळापासून सागरवेणी, म्हणजे बाजूचे थोडे थोडे केस घेत डोक्यालगत गुंफलेली वेणी, घाला. केस आदल्या दिवशी धुतलेले बरे. ताजे धुतलेले केस बुळबुळीत असतात, पेड हातातून निसटतात. बोटांना तेलाचे दोन थेंब लावून बटा वेगळ्या केल्या की पेड स्वच्छ येतात.

गजऱ्याचं तंत्र मात्र नीट शिकून घ्या. नुसता एक आकडा टोचला तर गजरा ओघळतो. आधी वेणीच्या मुळाशी दोन आकडे फुलीच्या आकारात एकमेकांवर खोचा, मग गजऱ्याचा दोरा त्या फुलीखालून ओढून यू-पिनेने पक्का करा. जाईजुई असो की मोगरा, घरातून निघतानाच माळा. तोवर ओल्या फडक्यात ठेवा.

लग्नात भरजरी शालू असेल तर साधी तीन पेडी वेणीच शोभते, असं माझं ठाम मत आहे. वेणी झाल्यावर खालून वर येत प्रत्येक पेडाची कड हलकी ओढली, की विरळ केसांची वेणीही भरदार दिसते. हळदीकुंकवाला खजुरी वेणी, म्हणजे माशाच्या शेपटीसारखी दिसणारी, छान. ऑफिसला मानेशी सुरू होणारी सैल वेणी पुरे.

आणि कपाळाशी ताण जाणवला, डोकं ठणकलं, तर वेणी लगेच सैल करा. रोज केस ओढून बांधले की कपाळाजवळ ते विरळ होत जातात, आणि गेलेले केस नेहमीच परत येतात असं नाही.