इटलीत कार कुठे घेतली, कुठे सोडली

रोम, फ्लॉरेन्स, टस्कनीतली खेडी, व्हेनिस, महिना एप्रिल. दादाचा हट्ट, सगळीकडे कारच हवी. पण व्हेनिसमध्ये कार शहराच्या तोंडाशी असलेल्या पिआत्साले रोमा चौकाच्या पुढे जातच नाही. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात तर झेडटीएल, म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेश असलेला भाग: परवान्याशिवाय शिरलात की कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंड मागाहून घरी येतो. भाड्याने कार देणारी कंपनी पोलिसांना तुमचं नाव-पत्ता कळवण्याचे वर वेगळे पैसे लावते, ते आणखी!

मग मी प्रवासाचे तुकडे पाडले. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान रेल्वे, साधारण दीड तास. शहर पाहून झाल्यावर टी2 ट्रामने थेट विमानतळ, कार तिथून घेतली. पिएन्झा, मोंताल्चिनो निवांत फिरून विमानतळावरच परत केली, व्हेनिसला पुन्हा रेल्वे. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून आधीच काढलं होतं.

वेगवान रेल्वेची तिकिटं आधी काढली की स्वस्त पडतात. रीजनल गाड्यांचं भाडं ठरलेलंच, तिथे कसली घाई? फक्त कागदी तिकिटावर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. ईस्टरचा सोमवार, 25 एप्रिल आणि 1 मे सुट्ट्या असतात. कार घ्यायचा-सोडायचा दिवस त्यांवर येऊ देऊ नका.