अप्रूव्ह दाबण्याआधी

मार्च-एप्रिल आला की ज्युनिअर डेंटिस्टचे फोन सुरू होतात. इंटर्नशिप नाहीतर एमडीएस (दातांचं पीजी) संपत आलेलं असतं, गावाकडे गाळा बघून झालेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅम, स्कॅनर कोणता घेऊ?" म्हणजे तोंडात फिरवून दातांचं डिजिटल माप घेणारा. कॉम्प्रेसर कुठे ठेवू, बोअरच्या पाण्याचं काय करू, लाइट गेली तर चेअर किती वेळ चालते, हे कोणी विचारत नाही. मी सांगते, पहिल्या वर्षी कोणताच घेऊ नका. पलीकडे शांतता. मग हळूच, "पण तुमच्याकडे तर आहे ना?"

आहे. २०२१ मध्ये घेतला, दहा लाखांच्या आसपास. महिन्याला २२ हजारांचा हप्ता, ५ वर्षं. यवतमाळ जिल्ह्यात वणीला माझं क्लिनिक नुकतंच सुरू झालं होतं आणि बाकीचे दिवस मी व्हिजिटिंग करायचे. मंगळवारी पांढरकवडा, गुरुवारी हिंगणघाट, महिन्यातून दोनदा वरोरा. लॅपटॉप आणि स्कॅनरची पेटी मांडीवर घेऊन एसटीने. एकदा एका कंडक्टरने पेटीकडे बघून विचारलं, "भजनाले चालल्या का मॅडम?" त्याला ती हार्मोनियम वाटली होती.

हप्ता डोक्यावर असला की माणसाची नजर बदलते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. समोर तारेची केस बसलेली असते आणि तुम्हाला तिथे अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक ट्रे, दिसायला लागतात. मला दिसले.

पांढरकवड्याची पेशंट होती. बँकेत काउंटरवर बसणारी, पुढच्या मे महिन्यात लग्न ठरलेलं. वरचा डावा सुळा चांगलाच फिरलेला, पुढच्या दातांची थोडी गर्दी, बाकी दातांची ठेवण छान. "क्लिपा नको मॅडम, लोक दिवसभर तोंडाकडे बघतात," ती म्हणाली. मी स्कॅन केलं, फाइल कंपनीला पाठवली आणि तीन दिवसांत सेटअप, म्हणजे दात कसे सरकवायचे त्याचा आराखडा, आला. त्यातला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. दात एकेक करून लाडक्या लेकरासारखे आपापल्या जागी जाऊन बसतात. १९ ट्रे, दर १० दिवसांनी नवा, म्हणजे साधारण सहा महिने. एप्रिलमध्ये काम संपणार, मे मध्ये लग्न. हे मी बहिणीच्या मुलाच्या बारशाच्या पंगतीत, मोबाईलवर, उजव्या हातात बुंदीचा लाडू असताना डाव्या अंगठ्याने अप्रूव्ह केलं.

आता सापळा कुठे होता ते नीट सांगते. इथे घाई करू नका, दोनदा वाचावं लागलं तरी वाचा.

त्या व्हिडिओच्या मागे एक तक्ता असतो. कोणता दात किती मिलिमीटर सरकणार, किती अंश फिरणार, कोणत्या ट्रेला. मी तो उघडलाच नाही. उघडला असता तर त्या सुळ्यासमोर ३८ अंश दिसले असते. १९ ट्रेमध्ये ३८, म्हणजे दर ट्रेला २ अंश. हिशोबाला किती गोंडस! सुळा मात्र गोल आणि निमुळता असतो. तेल लागलेल्या हाताने लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवून बघा, हात फिरतो आणि झाकण जागेवर राहतं. ट्रेचं तेच होतं. म्हणून त्या दातावर कंपोझिटचा (दाताच्या रंगाच्या भरावाचा) उंचवटा, अटॅचमेंट, द्यावा लागतो. तोही नुसता असून भागत नाही. त्याचा कोन, त्याची धार, तो कोणत्या बाजूला आहे, यावर ट्रेची पकड ठरते. माझ्या सेटअपमध्ये सॉफ्टवेअरने आपणहून बसवलेली ठरावीक अटॅचमेंट होती. ओव्हरकरेक्शन, म्हणजे हवं त्याहून थोडं जास्त फिरवायची तजवीज, शून्य.

कागदावरचं आणि तोंडातलं यांत किती फरक पडतो हे लपलेलं नाही. २००९ च्या एका बहुचर्चित अभ्यासात ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात उतरली होती. २०२० मध्ये नव्या अलाइनरवर पुन्हा मोजलं तेव्हा आकडा ५० पर्यंत आला. फिरलेला सुळा आणि खाली ओढायचा दात ही त्यातली अवघड गिऱ्हाइकं. १५ अंशांपुढे फिरवायचं असेल तर भरवसा झपाट्याने उतरतो. हे सगळं मी एमडीएसला जर्नल क्लबमध्ये स्वतः सादर केलं होतं. स्लाइड अजून माझ्याकडे आहे.

यात आपल्या भागाची एक भर. पांढरकवड्याकडे कितीतरी गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ठीक, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत, असा भारतीय मानकाचा दंडक आहे, आणि तिथल्या पाण्याला तो माहीत नाही. दातांवर खडूसारखे पट्टे, तपकिरी डाग. दाताचं असं वरचं कवच, एनॅमल, ॲसिडला लवकर दाद देत नाही, त्यामुळे एचिंग, म्हणजे चिकटवण्याआधी ॲसिडने दात खरखरीत करणं, नेहमीइतकंच केलं तर कंपोझिट नीट धरत नाही. हिच्या दातांवर पट्टे होते. मी ते फोटोत पाहिले, केसपेपरवर लिहिलेही, आणि एचिंग मात्र घड्याळ न बघता नेहमीसारखंच केलं. महिन्याभरात सुळ्यावरची अटॅचमेंट निघाली. परत लावली, परत निघाली.

त्यात २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप लागला, तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत. काळीपिवळीत स्कॅनर घेऊन कोंबून बसण्याची हिंमत होईना. मी पांढरकवड्याच्या फेऱ्या कमी केल्या आणि तिला एकदम सहा-सहा ट्रे देऊन टाकले. सातव्या ट्रेला तिचा फोन आला, "मॅडम, हे झाकण त्या दातावर बसूनच नाही राह्यलं." मी म्हटलं, चावून चावून बसवा. दहा दिवसांनी पुन्हा तेच. मी पुन्हा तेच.

अकराव्या ट्रेला, जानेवारीत, मी तिला समोर बसवून लाइट मारला. सुळ्याचं टोक आणि ट्रे यांच्यात नखाएवढी पोकळी. त्यात थुंकीचा बुडबुडा अडकलेला, ट्रे दाबला की पुढेमागे व्हायचा. बाकीचे दात ठरल्याप्रमाणे आलेले आणि हा एकटा बराचसा तिथेच. बाजूचे दात पुढे सरकल्याने त्याची जागाही थोडी बळकावलेली. तो बुडबुडा मला अजून दिसतो.

कंपनीने रिफाइनमेंट देऊ केलं. नवं स्कॅन, नवा सेटअप, नवे ट्रे यायला चार-पाच आठवडे. लग्नाला साडेतीन महिने. शेवटी मी तिला खरं सांगितलं. चूक माझी आहे, वरच्या सहा दातांना दाताच्या रंगाच्या क्लिपा लावू या, जास्तीचा एक रुपया घेणार नाही. ती रडली. मग म्हणाली, "पहिलेच लावल्या असत्या तर आतापर्यंत निघाल्या असत्या नं." अगदी खरं होतं. वायरने तो सुळा आला, लग्नाच्या आठवडाभर आधी क्लिपा काढल्या.

म्हणून आता सेटअप आला की मी व्हिडिओ आधी बघत नाही, तक्ता उघडते. सुळे आणि प्रीमोलर किती फिरताहेत, कुठे खाली ओढलेत, आयपीआर (दातांच्या कडा घासून जागा करणं) कोणत्या ट्रेला आणि किती, हे कागदावर उतरवते. मग ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एक्स-रे, शेजारी ठेवते, कारण सेटअप करणाऱ्या मुलासमोर फक्त दातांचे माथे असतात. मुळं त्याला दिसत नाहीत, ती तुमच्याकडे आहेत. मोठी फिरकी असेल तर ती आधी क्लिपांनी दोन-तीन महिन्यांत उरकते आणि मग स्कॅन करते. पेशंट तयार नसेल तर ओव्हरकरेक्शन मागते, अटॅचमेंट कशी हवी ते चित्र काढून पाठवते. दोनदा-तीनदा सेटअप परत पाठवला म्हणून कोणी तुमच्यावर रागावत नाही. आणि रागावलं तर रागावू द्या. नंतर पेशंटसमोर तो बसणार नाहीये, तुम्ही बसणार आहात.

दर भेटीला ट्रे घालून प्रत्येक दाताच्या टोकाशी पोकळी बघा. पेशंट लांबचा असेल तर दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर फोटो मागा, दोन चमच्यांनी गाल ओढून, खिडकीजवळ उभं राहून. डिजिटल क्रांती म्हणून जे काही माझ्या हाताला लागलं त्यातलं सगळ्यात स्वस्त आणि कामाचं हे चमच्याचं तंत्र आहे.

आता घाबरवलं म्हणून थोडं दुसऱ्या बाजूचंही. मी डिजिटलच्या विरोधात नाही. मे महिन्यात क्लिनिकमधलं नळाचं पाणी गरम येतं तेव्हा अल्जिनेट (माप घ्यायची लुकणी) तोंडात जाण्याआधीच ट्रेमध्ये जमतं. इंटर्नशिपला बर्फाचं पाणी वापरूनही मी दिवसाला दोन-तीन मापं फेकलेली आहेत. बरं, चांगलं आलेलं माप ओल्या कापडात गुंडाळून पार्सलने नागपूरच्या लॅबला पाठवा, पोचेपर्यंत ते आकसलेलं असतं. स्कॅनने हा जाच संपला. उलटी येणारी लेकरं, आधीच धास्तावलेले म्हातारे, सगळ्यांना बरं पडतं. सेफचं, म्हणजे डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेचं, ट्रेसिंग सॉफ्टवेअर मिनिटभरात करून देतं. तिथे पोरियन आणि ए पॉइंट या मोजणीच्या खुणा तेवढ्या स्वतः हलवून तपासा. सॉफ्टवेअर डोकं धरायला कानात घातलेल्या रॉडच्या सावलीलाच पोरियन समजतं असं मी पाहिलंय.

पण गावाकडची तोंडं डेमोच्या तोंडांसारखी नसतात, हेही ऐकून ठेवा. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) मात्र पानठेल्यावर तसाच घोटला जातोय. पंचविशीतल्या पोराचं तोंड दोन बोटं उघडतं. गाल आतून पांढरे, ताठ. त्या तोंडात स्कॅनरचं डोकं मागच्या दाढेपर्यंत जातच नाही. सेल्समन डेमो द्यायला आला की स्वतःच्या असिस्टंटच्या तोंडात देतो. तुम्ही त्याच्यासमोर खर्रावाला पेशंट बसवा आणि सातव्या दाताचं, म्हणजे मागच्या दाढेचं, स्कॅन काढून दाखव म्हणा.

मागे राहून जाऊ या भीतीने घाई करणाऱ्यांना एवढंच सांगते, हे तंत्र काल आलेलं नाही. झुरिच विद्यापीठात दाताचं स्कॅन काढून तिथल्या तिथे इनले (दाताच्या खड्ड्यात बसणारा भराव) घडवून बसवला गेला तो १९८५ मध्ये. कॅलिफोर्नियात अलाइनरची मोठी कंपनी निघाली १९९७ मध्ये, आणि ती काढणारे बिझनेस स्कूलचे विद्यार्थी होते, डेंटिस्ट नव्हते. वीस-पंचवीस वर्षं जे तुमच्या तालुक्याला आलं नाही ते तुम्ही दोन वर्षं थांबलात म्हणून रुसून परत जाणार नाही. तोपर्यंत स्कॅनर असलेल्या लॅबला किंवा सीनिअरला दर केसमागे पैसे द्या. महिन्याला किती स्कॅन खरोखर लागतात ते वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या वर्षी चार-पाच यायचे, तेही ओढूनताणून. कापूस विकल्यावर हप्ता देणारा पेशंट जानेवारीत येतो, बँक मात्र दर पाच तारखेला.

कोर्सेसबद्दल माझं मत कडवट आहे, तेव्हा ते तसंच घ्या. शनिवार-रविवारच्या हॉटेलातल्या कोर्समध्ये मी एकदाही फसलेली केस पाहिली नाही. जेवण उत्तम असतं. सर्टिफिकेट भिंतीवर लावायला बरं दिसतं. मला खरं शिकवलं दोघांनी. एक नागपूरच्या लॅबमधले काका, ज्यांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, दाढेच्या मागं थुंकी आहे, स्कॅन परत काढा, मी उगाच अंदाजानं क्राउन बनवणार नाही." दुसरे माझे पीजीचे सर. ते आम्हाला प्लास्टरच्या मॉडेलमधले दात करवतीने कापून मेणात पुन्हा बसवायला लावायचे. केसलिंग या ऑर्थोडॉन्टिस्टने १९४५ मध्ये सांगितलेली पद्धत. रात्री दोन वाजता बोटाला मेणाचे चटके घेत आम्ही सरांना शिव्या घालायचो, की सॉफ्टवेअरच्या जमान्यात हे काय. पण मेणात सुळा फिरवायला गेलं की बाजूचा दात आडवा येतो, आणि ते बोटाला कळतं. स्क्रीनवर दात दातातून आरपार जातो आणि खाली एक छोटा लाल ठिपका तेवढा दिसतो.

दातांची मॉडेल काढणारा थ्रीडी प्रिंटर घेणार असाल तर आधी इन्व्हर्टर घ्या. प्रिंट अर्ध्यात असताना लाइट गेली की रेझिनही गेलं आणि रात्रही गेली. सीबीसीटीचं (थ्रीडी एक्स-रे मशीनचं) स्वप्न असेल तर एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना आणि खोलीच्या भिंती यांची चौकशी मशीन ठरवण्याआधी करा. याबद्दल जास्त लिहीत नाही, माझ्याकडे नाही ते मशीन.

त्या बँकेतल्या मुलीचा लग्नानंतर महिन्याभराने फोन आला. माझ्या छातीत धस्स. क्लिपा काढल्यावर दात जागेवर धरायला मी तिला प्लास्टिकचा रिटेनर दिला होता. म्हणाली, "मॅडम, रिटेनर गाडीच्या डिक्कीत राह्यला दुपारभर, वाकडाच झाला पुरा." बाहेर ४५ डिग्री होतं. क्लिपा काढल्याच्या दिवशी मी तिचं स्कॅन घेऊन ठेवलं होतं. फाइल उघडली, रात्री मॉडेल प्रिंटला लावलं, सकाळी शीट ओढून कडा घासल्या आणि पांढरकवड्याच्या गाडीने डबीत घालून पाठवला. एसटी सुरू झाली होती. तिला वणीपर्यंत यावंही लागलं नाही.