‘पित्त झालंय’ म्हणजे नेमकं काय? डॉक्टरांना त्रास असा सांगा

‘पित्त’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या त्रासांना वापरतो. जेवून आडवं झाल्यावर छातीत जळजळ आणि घशाशी आंबट येणं हे एक. अर्धं डोकं ठणकणं, मळमळणं, उजेड नकोसा वाटणं हे दुसरं. अंगावर खाजऱ्या गांधी उठणं हे तिसरं. डॉक्टरांच्या लेखी पहिली ॲसिडिटी, दुसरी बहुधा अर्धशिशी, तिसरं शीतपित्त, आणि तिन्हींची औषधं निराळी. ॲसिडिटीच्या गोळीने अर्धशिशी थांबत नाही.

१. आजाराचं नाव बाजूला ठेवा, काय होतं ते सांगा. दुखण्याची जागा हात लावून दाखवा. कधीपासून, किती वेळ टिकतं, कशाने वाढतं, कशाने उतरतं, हेही सांगा.

२. ‘चक्कर’ फोडून सांगा. खोली गरगर फिरते, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? कूस बदलताच काही सेकंद गरगरत असेल तर दोष बहुतेकदा आतल्या कानात असतो. उभं राहताच अंधारी आली तर रक्तदाब उतरत असू शकतो. म्हणून तो आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोनदा मोजायला सांगा. गरगरण्यासोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तर थेट मोठ्या रुग्णालयात जा.

३. आकडे लिहून न्या. ‘कणकण आहे’ याने ताप कळत नाही. थर्मामीटर लावा, 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप. जुलाबही मोजा: 24 तासांत तीन किंवा अधिक पातळ शौच झाले तर डॉक्टर त्याला जुलाब म्हणतात.

४. ‘छातीत गॅस धरलाय’ हे वाक्य सर्वांत धोक्याचं. दडपण, घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर ओवा-सोडा घेऊन ढेकर येण्याची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि ‘गॅस’ न म्हणता ‘छातीत दडपण आहे, घाम फुटलाय’ असंच सांगा. मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ न येता नुसती धाप किंवा घाम, एवढंच जाणवू शकतं. त्यांच्या बाबतीत 108 ला फोन करायला तेवढंही पुरेसं समजा.

५. ‘बीपीची छोटी पांढरी गोळी’ सांगून औषध ओळखता येत नाही. चालू औषधांच्या पट्ट्याच पिशवीत घालून न्या. काढे आणि चूर्णंही.