थंडीत घोड्याला पोटशूळ होऊ नये म्हणून काय करावं?

धनुर्मास लागला की नागपुरातल्या वरातीच्या घोड्या रिकाम्या होतात. तुळशीच्या लग्नापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत एकेका रात्री दोन-दोन वराती केलेली घोडी आता तबेल्यात खुंट्याला बांधली जाते, ती थेट संक्रांतीपर्यंत. आणि आपल्याकडची कडक थंडी नेमकी याच दिवसांत पडते. पारा ८-१० अंशांवर येतो, २०१८ च्या डिसेंबरअखेर तर तो ३.५ पर्यंत उतरला होता. काम बंद, चारा कोरडा, टाक्यातलं पाणी गारठलेलं, दाणा मात्र हंगामातला होता तेवढाच. घोड्याचं पोट बिघडायला आणखी काय लागतं?

माझी चांदणी अशाच एका धनुर्मासात मरता मरता वाचली. सकाळी बादली पाहिली, तर काठोकाठ भरलेली. मी मनात म्हटलं, बरं झालं, आज पाणी भरायचं काम नाही. संध्याकाळी पाहिली, तरी तेवढीच. रात्री दहाच्या सुमारास ती पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, मान वळवून पुन्हा पुन्हा कुशीकडे पाहायला लागली. शेजारचे काकाजी उठून आले. मी त्यांना लक्षणं सांगत होतो, पण त्यांनी मला मध्येच थांबवलं. "पोटाचं मंग पाहू. घोडी पाणी पेली का, थे सांग पयले."

तो प्रश्न मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारतो. या लेखातलं जवळजवळ सगळं त्याच प्रश्नाभोवती फिरतं.

आधी पोट समजून घ्या

घोड्याला ओकारी करता येत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं. त्यामागचं मोठं आतडं मात्र प्रचंड, घड्या घालून पोटात बसवलेलं. त्यात एका वळणाशी वाट एकदम अरुंद होते. चाऱ्याचा लगदा ओलसर असेल तर तो त्या वळणातून सरकतो. सुकला तर तिथेच बोळा बसतो, मागे गॅस साठतो, आतडं ताणलं जातं आणि जनावर वेदनेने लोळायला लागतं. हाच पोटशूळ. जुने घोडेवाले याला कुरकुरी म्हणतात. पोटशुळाची कारणं बरीच आहेत, पण हिवाळ्यात सर्वांत जास्त भीती या कोरड्या बोळ्याची.

हिरव्या गवतात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. वाळलेल्या चाऱ्यात ते दहा-पंधरा टक्क्यांवर येतं. म्हणजे पावसाळ्यात घोडा गवतातूनच कितीतरी लिटर पाणी मिळवत होता. हिवाळ्यात ते सगळं त्याला बादलीतून प्यावं लागतं, आणि नेमकं याच वेळी त्याला पाणी प्यावंसं वाटत नाही. म्हणून थंडीला दोष देत बसण्यापेक्षा पाण्याचा हिशेब ठेवणं जास्त कामाचं.

पाणी मोजून पाजा

आपल्याकडची वरातीची किंवा टांग्याची घोडी साधारण ३०० किलोच्या आसपास असते. कोरड्या चाऱ्यावर असताना तिला दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागतं. काम असेल तर त्याहून जास्त. टाक्यावर नेऊन पाजलं तर ती किती प्यायली ते कळत नाही. म्हणून हिवाळ्यापुरती तरी बादली वापरा. बादलीच्या आतल्या बाजूला पाच-पाच लिटरवर रंगाने खुणा करून ठेवा. सकाळी आणि रात्री पाणी कुठवर उतरलं ते पाहा आणि भिंतीवर खडूने लिहा. दिवसभरात प्यायलेलं पाणी नेहमीच्या निम्म्यावर आलं, तर त्याच दिवशी हालचाल करा, उद्याची वाट पाहू नका.

पाणी कोमट करून द्या. थंडीत कोमट पाणी ठेवलं तर घोडे स्पष्टपणे जास्त पाणी पितात. यासाठी पाणी तापवायचा मोठा खटाटोप नको. सिमेंटच्या टाक्यातलं किंवा गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे बर्फासारखं लागतं, पण बोअरचं नुकतं काढलेलं पाणी याच दिवसांत हाताला कोमट लागतं. बोअर असेल तर सकाळी सहा-सातला ताजं पाणी काढून लगेच पाजा. बोअर नसेल तर चुलीवर एक गंज (पातेलं) पाणी उकळा आणि ते बादलीभर गार पाण्यात मिसळा. हात घातला तर बरं वाटलं पाहिजे, चटका बसता कामा नये.

शिवाय रोज मीठ द्या. साधं खायचं मीठ, जेवणाचे दोन सपाट चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. ते चंदीत, म्हणजे घोड्याच्या दाण्याच्या खुराकात, कालवून द्या. मिठाने तहान लागते. मात्र समोर भरपूर पाणी असेल तरच मीठ द्या, नाहीतर उलटं नुकसान होईल.

आणखी एक समजूत सोडून द्या. वरातीहून दमून आलेल्या घोडीला तासभर पाणी दाखवायचं नाही, असं पुष्कळ जण मानतात. या उपाशी तासाने तिचं पोट जास्त कोरडं पडतं. आल्यावर पाच मिनिटं चालवा, थोडं कोमट पाणी द्या, परत चालवा, परत द्या.

बादली रोज घासा. शेवाळ आलेल्या, तोंडातल्या चाऱ्याचा चिखल साठलेल्या बादलीत घोडा तोंड घालत नाही, आणि आपण म्हणतो, आज तहान नाही वाटतं.

चारा: सोयाबीनचं कुटार जपून

दिवाळीनंतर विदर्भात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, ढिगाने निघतं, मागून तुरीचं येतं. स्वस्त असतं, कधी कधी फुकट मिळतं, आणि गरीब घोडेवाल्याला मोह होणं साहजिक आहे. पण सोयाबीनचं कुटार म्हणजे बरंचसं लाकूडच. गायी-म्हशी रवंथ करून ते पचवतात, घोडा रवंथ करत नाही. त्याच्या आतड्यात हे बारीक, टणक तुकडे एकमेकांत गुंतून बसतात. माझ्या चांदणीच्या पोटात बसला होता तो बोळा याच कुटाराचा.

पर्याय नसेलच तर कुटार एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि द्यायच्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवा. बाकीचा चारा वाळलेल्या गवताचा ठेवा. वाळकं गवतही पाणी शिंपडून दिलं तर उत्तम. धूळ बसते आणि आपोआप एक-दोन लिटर पाणी पोटात जातं.

किती द्यावं? वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ३०० किलोच्या घोडीला साडेचार ते सहा किलो कोरडा चारा. तो कसा वाटून द्यायचा, याकडे फार जण लक्ष देत नाहीत. संध्याकाळी सहाला चारा टाकून तुम्ही सकाळी सातला आलात, तर मध्ये तेरा तास जातात. घोड्याचं जठर सतत आम्ल सोडत असतं, त्याला इतका वेळ रिकामं राहायची सवय नाही. म्हणून दिवसा एक हिस्सा, रात्री दोन हिस्से. त्यातलाही अर्धा संध्याकाळी आणि अर्धा झोपायच्या आधी दहा वाजता. चारा पचताना मोठ्या आतड्यात ऊब तयार होते. नागपूरच्या थंडीत धडधाकट घोड्याला ही आतली शेकोटी पुरते.

बरसीम आणि लसूणघास हिवाळ्यात छान मिळतात, द्यायलाही हव्यात. पण पहिल्याच दिवशी भाराभर टाकलात तर आतड्यात फसफस होऊन गॅस धरतो. रोज एक-एक मूठ वाढवत आठ-दहा दिवसांत पुऱ्या प्रमाणावर या. चारा बदलायचा, दाणा बदलायचा, जे काही बदलायचं ते याच गतीने.

काम थांबलं की चंदी कमी करा

ज्या दिवशी शेवटची वरात होते, त्या दिवसापासून चंदी उतरवायला लागा आणि आठवड्याभरात निम्म्यावर आणा. संक्रांतीनंतर काम सुरू झालं की तशीच हळूहळू वाढवा. एका वेळी दीड किलोच्या वर दाणा कधीच नको. लहान जठरातून न पचलेला दाणा पुढे सरकतो, मोठ्या आतड्यात आंबतो, आणि पोटाबरोबर खुरंही बिघडतात.

भिजवलेला हरभरा पहाटे आंबूस वास मारत असेल तर फेकून द्या, जिवापेक्षा तो महाग नाही. आठवड्यातून एकदा कोंड्याचं गरम आंबोण देण्याची जुनी चाल मला पटत नाही, कारण पोटाच्या दृष्टीने तो दर आठवड्याला अचानक केलेला बदलच असतो. त्यापेक्षा रोजच्या चंदीतच कोमट पाणी घालून ती पातळ करा. कोंबड्यांचं खाद्य तर घोड्याच्या आसपासही नको. त्यात घातलेली काही औषधं कोंबडीला चालतात, पण घोड्याचं हृदय बंद पाडतात.

वरातीत पाहुणे प्रेमाने लाडू, पुऱ्या, गूळ भरवतात. संक्रांतीला तिळगूळ येतो. नाही म्हणणं अवघड जातं, तरी हात जोडून थांबवा. मी खिशात गाजराचे लांब तुकडे ठेवतो आणि मुलांना म्हणतो, हे भरवा.

चालवणं आणि ऊब

आतडं हलायला घोडा हलला पाहिजे. रिकाम्या दिवसांतही सकाळी नऊच्या उन्हात आणि दुपारी चारला, दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास हाताने धरून चालवा. खरारा करा, म्हणजे ब्रशने अंग घासा, पाठ उन्हाला द्या.

तबेल्याच्या उत्तरेकडून वारा येत असेल तर तिकडे गोणपाट बांधा, पण सगळीकडून बंद करू नका, लघवीचा उग्र वास कोंडून राहतो. जमीन कोरडी ठेवा. झूल फक्त म्हाताऱ्या, रोडावलेल्या किंवा आजारी जनावराला, आणि तीही ओली झाली की लगेच काढायची.

चारा थेट मातीवर टाकू नका. गवताबरोबर वाळू पोटात जाते आणि तळाशी साचते. शंका असेल तर ताज्या लिदेचे पाच-सहा गोळे बादलीभर पाण्यात कुस्करून पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी वाळूचा थर बसला तर चारा टाकायची जागा बदला, गव्हाण किंवा ताडपत्री वापरा.

जंताचं औषध पशुवैद्यांना विचारून पावसाळा सरल्यावर द्या, शक्यतो लीद तपासून. दात वर्षातून एकदा दाखवा. घोडा अर्धवट चावलेले चाऱ्याचे बोळे तोंडातून टाकत असेल, तर वर्षाची वाट पाहू नका.

रोज लीद पाहा

घोडा दिवसाला साधारण ८ ते १२ वेळा लीद टाकतो. चांगल्या लिदेचा गोळा ओलसर असतो, जमिनीवर पडताच थोडा फुटतो. पोट सुकायला लागलं की गोळे लहान, टणक होतात, वरून चकाकतात, कधी पांढरट चिकट थर धरतात, आणि बोटांनी दाबले तर फुटत नाहीत, चुरतात. हे दिसलं तर त्याच वेळी कोमट पाणी, ओला चारा आणि चालणं वाढवा. लीद थांबण्याच्या एक-दोन दिवस आधी ती असं सांगून जाते.

शिवाय दोन्ही कुशींना कान लावून ऐकायची सवय करा. निरोगी पोट सतत गुरगुरत असतं. शांत पोट ही वाईट बातमी.

तरीही दुखायला लागलं तर

पाय उकरणं, कुशीकडे पाहणं, वरचा ओठ उलटा करणं, सारखं बसणं-उठणं, लोळणं, घाम. यातलं काही दिसलं की समोरचा सगळा चारा आणि दाणा काढून घ्या आणि पशुवैद्यांना फोन करा. राज्याच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आपल्याच शहरात आहे. घोडा न्यायची गाडी कुणाकडे मिळेल, तो नंबर आजच लिहून ठेवा. रात्री दोन वाजता तो शोधता येत नाही.

फोनवर सांगायला या गोष्टी पाहून ठेवा: नाडी (शांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, साठच्या वर गेली तर गंभीर), हिरड्यांचा रंग, शेवटची लीद कधी टाकली, पाणी किती प्यायला. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी.

घोडा लोळत असेल तर हळूहळू चालवा. शांत पडून राहिला असेल तर राहू द्या, दमवू नका. आणि कुणीही, कितीही जाणता असला तरी, नाकातोंडातून तेलाची बाटली ओतू देऊ नका. चांदणीच्या वेळी दोघं जण एरंडेल घेऊन उभे होते. काकाजी दारात आडवे झाले, म्हणून ते थांबले. तेल फुप्फुसात गेलं तर पोटातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. ते नळीने, नाकातून थेट जठरात घालायचं काम डॉक्टरांचं. घरातलं दुखण्याचं औषधही देऊ नका. वेदना झाकली जाते आणि आत काय चाललंय ते डॉक्टरांना कळत नाही.

त्या रात्री डॉक्टरांनी नळी घालून तेल आणि मिठाचं पाणी दिलं, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पहिली लीद टाकली. मी ती हातात घेऊन फोडून पाहिली, आत सोयाबीनच्या काड्या होत्या. त्यानंतर दोन दिवस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे फक्त मूठ-मूठ ओलं हिरवं गवत, दर दोन-तीन तासांनी. कोरडा चारा तिसऱ्या दिवसापासून, तोही भिजवून. चंदी पूर्ण आठवडाभर बंद.