स्पोर्ट्स कारचं इंजिन बांधताना क्रँकशाफ्टच्या खर्चाचा अंदाज कसा काढावा

इंजिन खाली उतरलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘क्रँकचे किती होतील?’ क्रँक म्हणजे क्रँकशाफ्ट, पिस्टनची ये-जा फिरत्या गतीत बदलणारा दांडा. इंजिन न उघडता जो मेकॅनिक एकच ठाम आकडा सांगेल, त्याला आगाऊ पैसे देऊ नका. क्रँक पॉलिशवर निभावेल, ग्राइंडिंगला जाईल किंवा बदलावा लागेल. तिन्हींचा खर्च वेगवेगळा मांडून ठेवा.

यातलं काय लागू होणार ते मापं ठरवतात, म्हणून पहिले पैसे तपासणीवर घाला. मेन (इंजिन ब्लॉकमध्ये बसणारा) आणि बिग एंडचा (कनेक्टिंग रॉड जोडला जातो तो) प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग, मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजून आकडे कागदावर लिहून घ्या. जर्नलच्या लांबीने नख ओढा. ते चऱ्यांत अडकलं तर नुसत्या पॉलिशने भागणं कठीण. क्रँकचा बाक डायल गेजवर कळतो. तडे मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी चुंबकीय तपासणी करावी. पावसात तुंबलेल्या पाण्यात गाडी घालून इंजिन बंद पडलं असेल, तर कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे) वाकलेत का, तेही तपासून घ्या.

ग्राइंडिंग ठरलं तरी थांबा. आधी बेअरिंग शोधा. अंडरसाईज शेल, म्हणजे घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणाऱ्या जास्त जाड बेअरिंगच्या अर्धवर्तुळाकार पट्ट्या, साधारण पाव मिलिमीटरच्या टप्प्याने येतात, 0.25, 0.50 असे, पण काही स्पोर्ट्स इंजिनांना कंपनी ते देतच नाही. बाहेरून मागवायचे तर कुरिअर आणि कस्टम ड्युटी वेगळी. शेल हातात पडेपर्यंत क्रँकला ग्राइंडिंगचं चाक लावू देऊ नका. क्रँक नायट्रायडिंग केलेला (पृष्ठभाग नायट्रोजनने कडक केलेला) असेल तर वरचा कडक थर फार पातळ असतो. ग्राइंडिंगने तो गेला की नायट्रायडिंग पुन्हा करावं लागतं. हा सगळा हिशेब नव्या क्रँकच्या जवळ गेला, तर मी नवाच घेईन.

मशीनिंगसाठी गोव्यातल्या दरासोबत बेळगाव, कोल्हापूरचाही दर घ्या. तिथे हा धंदा जुना आहे. भाव विचारताना फिलेट रेडियस (जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई), ऑइल होलच्या कडा मारणं, बॅलन्सिंग आणि जीएसटी धरलाय का, हे स्पष्ट विचारा. चोर्ला घाटातून (गोवा-बेळगाव रस्त्याने) क्रँक पाठवायचा तर ऑइल चोपडून, प्लास्टिकात गुंडाळून लाकडी खोक्यात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत उघडा जर्नल बघता बघता गंजतो. गणेश चवथीच्या सुट्ट्यांच्या आसपास काम काढलंत तर गॅरेजच्या भाड्याचे जादा दिवसही धरा.

लोक विसरतात ते ऑइल कूलर. बेअरिंग खाल्लं असेल तर धातूचा चुरा कूलरच्या बारीक नळ्यांत बसतो, धुऊन पुरता निघत नाही, आणि नवे शेल चालू होताच खराब करतो. नवा कूलर, ऑइल पंपची तपासणी, नवे रॉड बोल्ट हे क्रँकच्याच खात्यात लिहा. वर एक चतुर्थांश रक्कम राखून ठेवा.

मशीनवाल्याची शेवटची रक्कम मात्र क्रँक परत आल्यावर, नव्या शेलसह प्लास्टिगेजने (दाबला जाऊन फटीचं माप दाखवणारा मऊ प्लास्टिकचा धागा) क्लिअरन्स, म्हणजे जर्नल आणि शेलमधली फट, मोजून, मॅन्युअलशी जुळल्यावरच द्या.