जवानाचं बुलेटप्रूफ जॅकेट पुरेसं आहे का, हे सोलापुरात बसून कसं तपासायचं

"जॅकेट मिळालं का रे?" या प्रश्नाला "मिळालं" असं उत्तर आलं की बार्शी, सांगोला, करमाळ्याकडच्या घरांत जीव भांड्यात पडतो. पण त्या एका शब्दातून फारसं काही कळत नाही. जॅकेट कोणत्या गोळीसाठी बनलंय, आत प्लेट कुठे आणि किती मोठी आहे, माप त्याच्या अंगाचं आहे की स्टोअरमध्ये उरलं होतं ते दिलंय, आणि ते बनून किती वर्षं झाली, ही चार उत्तरं हाती आल्याशिवाय "पुरेसं" हा शब्द वापरता येत नाही.

आधी एक पथ्य. ही उत्तरं फोनवर मागू नका. युनिट, ठिकाण, जॅकेटांची संख्या, लेबलचा फोटो यातलं काहीही व्हॉट्सॲपवर मागवू नका आणि फॉरवर्ड करू नका. काय तपासायचं ते त्याला सांगा, तपासणी तो स्वतः करील. सोरेगावच्या एसआरपी कॅम्पमधल्या किंवा शहर-ग्रामीण पोलीस दलातल्या माणसांनाही हीच पद्धत लागू पडते. दलं वेगळी असली तरी जॅकेट साधारण त्याच तऱ्हेचं असतं.

लेबल वाचा

बाहेरचं कव्हर म्हणजे नुसती पिशवी. गोळी अडवतात त्या आतल्या दोन वस्तू. एक मऊ पॅनल, म्हणजे ॲरामिड किंवा पॉलिथिलीनच्या थरांची शिवबंद गादी. दुसरी कडक प्लेट. दोन्हींवर स्वतंत्र लेबल असतं. कव्हरवरचं लेबल वाचून थांबू नका, वेल्क्रो उघडून आतली दोन्ही वाचा. उत्पादक, लॉट नंबर, सिरियल नंबर, बनवल्याची तारीख, माप आणि संरक्षणाची पातळी एवढं तिथे दिसायला हवं. लेबल फाटलेलं किंवा पुसलेलं असेल तर त्या पॅनलबद्दल खात्रीनं काहीच सांगता येत नाही. ते स्टोअरला दाखवून बदलून मागावं.

भारतीय मानक ब्युरोचं बुलेटप्रूफ जॅकेटसाठीचं मानक आयएस १७०५१ हे २०१८ सालचं आहे. त्यात धोक्याच्या सहा पातळ्या आहेत. पातळी १ कार्बाइनच्या ९ मिमी गोळीसाठी. तिथून वर रायफलच्या गोळ्या येतात, आणि सहावी पातळी ७.६२×५४ आर एपीआय या चिलखतभेदी गोळीसाठी आहे. त्याआधीच्या जॅकेटांवर अमेरिकेच्या एनआयजे मानकाचा उल्लेख असू शकतो. दोन्ही मानकांच्या पातळ्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एनआयजेची "३" म्हणजे आपली "३" असं समजू नका. पातळी जाणून घ्यायची ती अशी: कोणती गोळी, किती वेगानं, किती अंतरावरून, किती वेळा.

गोळीचा गाभा शिशाचा, मऊ पोलादाचा की कडक पोलादाचा, यावर खूप काही ठरतं. डिसेंबर २०१७ मध्ये पुलवामातल्या लेथपोरा इथल्या सीआरपीएफ तळावर हल्ला झाला, तेव्हा कडक पोलादी गाभ्याच्या गोळ्या ढाल भेदून गेल्याचं पुढे आलं. एके-४७ अडवणारं जॅकेट म्हणजे एके-४७ मधून सुटणारी प्रत्येक गोळी अडवणारं जॅकेट नव्हे. नुसतं "एके-प्रूफ आहे" असं कुणी सांगितलं तर गोळीचा गाभा कोणता, हे विचारलंच पाहिजे.

प्लेट: माप, बाजू, जागा

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांना अंगाचं माप घेणं शिकवावं लागत नाही. इथे मात्र छाती-कंबर कामाची नाही. गळ्याच्या पायथ्याशी दोन हाडांमध्ये जो खळगा आहे तिथून बेंबीपर्यंतचं अंतर, ताठ उभं राहून, टेपनं घ्या. त्यातून पाच सेंटिमीटर वजा करा. उरलेला आकडा म्हणजे प्लेटची साधारण उंची. अंतर ३७ सेंटिमीटर भरलं तर ३२ सेंटिमीटर उंचीची प्लेट बसते, आणि सर्वांत जास्त चालणारी मध्यम मापाची प्लेट साधारण २४×३२ सेंटिमीटरचीच असते. रुंदी दोन्ही स्तनाग्रं झाकेल एवढी हवी. प्लेट फार मोठी असेल तर रायफल खांद्याला लागत नाही, खाली बसलं की ती हनुवटीवर येते, आणि मग माणूस पट्टे सैल करून ती खाली ओढतो.

सर्वांत घातक चूक हीच. प्लेट खाली लोंबते, पोट झाकतं आणि हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. पुढच्या प्लेटची वरची कड गळ्याच्या त्या खळग्याला टेकली पाहिजे. मागची प्लेट पुढचीच्याच उंचीला हवी. मानेमागे जे मोठं हाड हाताला लागतं, त्याच्या बोटभर खाली तिची वरची कड येते. खांद्याचे पट्टे आधी, बाजूचे नंतर आवळा. मग खोल श्वास घ्या, जमिनीवर पालथं पडा, गुडघ्यावर बसून नेम धरा, हात वर करा. या चार हालचालींत प्लेट दोन बोटांपेक्षा जास्त सरकली तर पट्टे पुन्हा लावा.

बाजू चुकवू नका. प्लेटच्या एका अंगावर "स्ट्राइक फेस" (गोळी झेलणारी बाजू) छापलेलं असतं, ते बाहेर. अंगाकडची बाजू आत वळलेली असते. खांद्याकडचे कापलेले कोपरे वर. उलटी घातलेली प्लेट नीट बसलेली वाटते, पण बाहेरच्या अंगाचं सिरॅमिक (भाजलेल्या चिनी मातीसारखं कठीण साहित्य) आतल्या बाजूला गेल्यानं ती गोळी फोडण्याचं काम करीत नाही. सिरॅमिकनं गोळीचा टोकदार गाभा मोडायचा आणि मागच्या थरांनी तुकडे पकडायचे, हा क्रम उलटा चालत नाही.

आणखी एक नोंद लेबलवर असते आणि सहसा कुणी वाचत नाही. काही प्लेटा एकट्या पुरतात, काही फक्त ठरावीक मऊ पॅनलसोबतच पूर्ण संरक्षण देतात. दुसऱ्या प्रकारची प्लेट उन्हाळ्यात मऊ पॅनल काढून नुसत्या कव्हरमध्ये घातली, तर लेबलवरच्या पातळीला काहीच अर्थ उरत नाही.

वजनाचा हिशेब

"हलकं द्या" आणि "जास्त गोळ्या अडवणारं द्या" या दोन मागण्या एकमेकींशी भांडतात. एप्रिल २०२४ मध्ये डीआरडीओच्या कानपूरच्या डीएमएसआरडीई प्रयोगशाळेनं सहाव्या पातळीचं जॅकेट जाहीर केलं. त्याच्या पुढच्या प्लेटचं वजन मऊ पॅनलसह वापरायच्या प्रकारात चौरस मीटरला ४० किलोहून कमी, तर एकट्यानं वापरायच्या प्रकारात ४३ किलोहून कमी आहे. २४×३२ सेंटिमीटर म्हणजे ०.०७७ चौरस मीटर. म्हणजे एक प्लेट तीन-सव्वातीन किलोच्या आतबाहेर. पुढे-मागे याच जाडीच्या धरल्या तर सहा-साडेसहा किलो, त्यावर मऊ पॅनल, बाजूच्या प्लेटा आणि कव्हर. सप्टेंबर २०२४ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं जाहीर केलेल्या "अभेद" जॅकेटांचं किमान वजन वेगवेगळ्या पातळ्यांनुसार ८.२ आणि ९.५ किलो आहे.

फरक पडतो तो सिरॅमिकच्या प्रकारामुळे. ॲल्युमिनाची घनता घन सेंटिमीटरला ३.९ ग्रॅमच्या आसपास, सिलिकॉन कार्बाइडची ३.२ आणि बोरॉन कार्बाइडची २.५. शेवटचं सर्वांत हलकं आणि सर्वांत महाग. त्यामुळे निविदेत नुसता "सर्वांत कमी दर" हा निकष ठेवला की जास्तीचं वजन जवानाच्या पाठीवर येतं. जास्त वजनामुळे माणूस दमतो, हळू पळतो, आणि बाजूच्या प्लेटा बराकीत ठेवून निघतो. बराकीत राहिलेल्या प्लेटेचा गस्तीवर काही उपयोग नाही.

खराब झालंय हे कसं ओळखायचं

सिरॅमिक प्लेट कठीण असते तशीच ठिसूळ. ट्रकमधून जॅकेट खाली फेकलं, किंवा प्लेट काठावर आपटली, की वरचं कापड शाबूत राहून आत तडा जातो. प्लेटची दोन टोकं दोन्ही हातांनी धरून हलकासा पीळ द्या. वाळू घासल्यासारखी करकर ऐकू आली किंवा हाताला जाणवली तर ती वेगळी काढा. कड फुगलेली, कोपरा मऊ लागणारा, थर सुटलेले, हीही तीच खूण. मात्र आवाज आला नाही म्हणून प्लेट चांगलीच आहे असंही नाही. खात्रीची तपासणी एक्स-रेनं होते, आणि ठरावीक काळानं ती करून घेणं ही दलाची जबाबदारी आहे.

मऊ पॅनलचे शत्रू तीन: ओल, ऊन आणि उष्णता. ॲरामिड उन्हानं आणि ओलीनं कमजोर होतं, पॉलिथिलीन उष्णतेनं. म्हणून पॅनल शिवबंद, पाणी न झिरपणाऱ्या आवरणात असतं. त्या आवरणाला भोक पडलं की पाणी आणि घाम आत शिरतो. आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट म्हणजे जॅकेट सैल होतं म्हणून ते ओळखीच्या टेलरकडे देणं. कव्हर रिकामं करून, फक्त कव्हरवर पट्टा किंवा पाऊच शिवून घेण्यात वावगं नाही, अर्थात युनिटची परवानगी असेल तर. पण पॅनल आत ठेवून वरून मशीन फिरवली की सुई आवरणातून आरपार जाते. बाहेरून टीप सुबक दिसते आणि आत प्रत्येक टाक्याला एक भोक राहतं. असं जॅकेट घालायच्या लायकीचं नाही.

ओल आणि उष्णता किती नुकसान करतात याचा धडा अमेरिकेत मिळाला. झायलॉन नावाच्या धाग्याचं जॅकेट २००३ मध्ये एका पोलिसाच्या अंगावर असताना भेदलं गेलं, आणि तपासणीनंतर २००५ मध्ये तिथल्या यंत्रणेनं त्या धाग्याच्या जॅकेटांची मान्यता काढून घेतली. दिसायला ती नव्यासारखीच होती.

सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीची डिकी किंवा पत्र्याच्या खोलीतली ट्रंक या दोन्ही जागा जॅकेटसाठी वर्ज्य. सावलीत, कोरड्या जागी, आडवं आणि सपाट ठेवा. खुंटीला टांगून ठेवलं तर पॅनल मुडपतं आणि खांद्याकडे घडी पडते. धुवायचं फक्त कव्हर, तेही पॅनल आणि प्लेट काढून, थंड पाण्यात साध्या साबणानं. ब्लीच नको, इस्त्री नको, उन्हात वाळवणं नको. पॅनल ओलसर फडक्यानं पुसा, बस्स. मऊ पॅनलची हमी साधारण पाच वर्षांची असते, पण लेबलवर जी मुदत आहे तीच धरा. गोळी लागलेलं पॅनल किंवा प्लेट, वरून बरी दिसली तरी, पुन्हा घालायची नाही.

हेल्मेटला तेच नियम. पुढची कड भुवयांच्या बोटभर वर, हनुवटीचा पट्टा आवळल्यावर मान जोरात हलवली तरी हेल्मेट जागेवर. त्यावर बसू नका, त्याला भोक पाडू नका, थिनरचा रंग मारू नका. काश्मीरमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला लोखंडी "पटका" कपाळ आणि मागची बाजू झाकतो, डोक्याचा वरचा भाग उघडा राहतो. २०१६-१७ च्या सुमारास १,५८,२७९ नव्या हेल्मेटांचा करार झाला त्यामागे हे एक कारण होतं. आणि हेल्मेट मुख्यतः स्फोटाचे तुकडे व पिस्तुलाच्या गोळीसाठी असतं. समोरून आलेली रायफलची गोळी ते अडवेल असं धरून चालू नये.

घरून विकत घेऊन पाठवावं का?

नाही. ऑनलाइन मिळणारी "टॅक्टिकल वेस्ट" बहुतेक खेळासाठीची असतात, आत फोमची नकली प्लेट असते. खरी म्हणून विकलेली प्लेटसुद्धा कोणत्या लॉटची, कुठे चाचणी झालेली, हे तुम्हाला पडताळता येत नाही. इराक युद्धात प्लेटांचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकी कुटुंबांनी स्वतःच्या पैशांनी चिलखतं घेतली, आणि २००४ मध्ये तिथल्या संसदेला प्रत्येक वस्तूमागे ११०० डॉलरपर्यंत भरपाईचा कायदा करावा लागला. कुटुंबांवर ही वेळ येणं हे सरकारचं अपयश होतं. ते अपयश आपण आपल्या खिशातून झाकू नये. कमी असेल तर ते लेखी मागावं, वरच्यापर्यंत मागावं.

कागदावरचा साठा आणि अंगावरचं जॅकेट

मार्च २००३ मध्ये ब्रिटिश सार्जंट स्टीव्हन रॉबर्ट्स इराकमध्ये मारले गेले. त्यांना चिलखत मिळालेलं होतं. सर्वांना पुरत नव्हतं म्हणून मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांच्याकडून ते परत घेतलं गेलं. यादीत नोंद होती, अंगावर वस्तू नव्हती. म्हणूनच "किती घेतली" याबरोबर "कधी पोचली आणि कुणाच्या अंगावर आहेत" हे विचारायचं.

आपल्याकडे साडेतीन लाखांहून अधिक जॅकेटांच्या खरेदीला २००९ मध्ये मंजुरी मिळाली. मार्च २०१६ मध्ये तातडीची सोय म्हणून ५०,००० जॅकेटांचा करार झाला, आणि १,८६,१३८ जॅकेटांचा ६३९ कोटींचा करार व्हायला एप्रिल २०१८ उजाडलं. मधल्या नऊ वर्षांत ज्यांनी गस्त घातली त्यांच्यासाठी नंतरचा करार उपयोगाचा नव्हता. सियाचिनबद्दलचा कॅगचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात बर्फाच्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के दाखवला आहे, आणि नवे बूट न मिळाल्यानं जुने दुरुस्त करून वापरावे लागल्याचं म्हटलं आहे. कॅगचे अहवाल संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सुरुवात तिथून करा.

त्यानंतर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयाकडे, म्हणजे पोलीस किंवा एसआरपीबद्दल, अर्ज करताना एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. केंद्राकडे ५०० शब्द चालतात. सीआरपीएफ, बीएसएफ, डीआरडीओ या संस्था कायद्याच्या कलम २४ खाली बहुतांशी वगळलेल्या आहेत, तिथे भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप असेल तरच माहिती मिळते. लष्कर त्या यादीत नाही, पण सुरक्षेशी संबंधित माहिती कलम ८ खाली नाकारता येते. त्यामुळे तैनाती आणि तुकडीनिहाय आकडे विचारून अर्ज वाया घालवू नका. विचारा ते असं: "मुदत संपलेल्या जॅकेटांच्या विल्हेवाटीचा नियम काय? प्लेटांची एक्स-रे तपासणी किती कालावधीनं करायची असं ठरलं आहे? मागील पाच वर्षांत स्वीकृती चाचणीत किती लॉट नाकारले गेले?" नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील.

तिसरी वाट खासदारांची. जिल्ह्याचा बहुतेक भाग सोलापूर आणि माढा या लोकसभा मतदारसंघांत येतो, बार्शी मात्र धाराशिव (उस्मानाबाद) मतदारसंघात. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू व्हायच्या महिनाभर आधीच एका पानात लिहून द्या. प्रश्न असा ठेवा की उत्तरात "पुरेशी आहेत" म्हणून सुटता येऊ नये: "२०१८ च्या करारातील जॅकेटांपैकी किती मिळाली, त्यांची उत्पादकाने दिलेली मुदत कोणत्या वर्षी संपते, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या जॅकेटांची पातळी व कमाल वजन किती ठरवलं आहे?"