पॉटरीचं वर्कशॉप करताय? मग पहिल्या दिवशी कप घरी आणायचा हट्ट सोडा

मागच्या दोन-अडीच वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला विचारलं की अगं पॉटरी शिकायचीय, वर्कशॉप कुठलं करू, जमेल का मला, आणि दर वेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी काही कलाकार वगैरे नाही हां, आठवडाभर ऑफिसात एक्सेल आणि रविवारी सकाळी माती, एवढंच.

तर आधी हे समजून घ्या की वर्कशॉप दोन जातीची असतात. एक जात म्हणजे ते दोन तासांचं, ज्यात तुम्ही चाकावर बसता, शिकवणारी ताई किंवा दादा तुमच्या हातांवर हात ठेवून वाटी काढून देतात, फोटो होतात, मजा येते. वाढदिवसाला वगैरे मस्तच आहे ते, पण त्यात शिकणं फारसं होत नाही, कारण ती वाटी खरं म्हणजे त्यांनी केलेली असते. दुसरी जात म्हणजे सहा-आठ आठवड्यांची बॅच, आठवड्यातनं एकदा. शिकायचं असेल तर ही घ्या. फी भरायच्या आधी बिनधास्त विचारा, की चाक प्रत्येकाला स्वतंत्र का दोघांत एक, क्लासच्या वेळेबाहेर येऊन प्रॅक्टिस करता येते का, माती किती किलो मिळणार, आणि मुख्य म्हणजे भट्टी आणि ग्लेझचे (म्हणजे भांड्यावरचा तो काचेसारखा लेप) पैसे फीमध्ये धरलेत का वेगळे. मी पहिल्या ठिकाणी हे विचारलंच नव्हतं आणि शेवटी वस्तूंच्या वजनावर जे बिल आलं ते बघून गप्प बसले.

जाताना नखं कापून जा. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या घरी. केस बांधा, आणि ओढणी किंवा लोंबतं काही नकोच, फिरतं चाक आहे ते. तुम्ही डावखुरे असाल तर पहिल्याच दिवशी सांगा, कारण इलेक्ट्रिक चाक सहसा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायला शिकवतात, बऱ्याच चाकांना दिशा बदलायचं बटण असतं पण आपण बोललो नाही तर कोण लक्ष देणार.

सुरुवात माती मळण्यापासून होते आणि इथे पोळ्या करणाऱ्यांना वाटतं की हे तर आपलंच काम. नाही. कणीक मळताना आपण घड्या घालतो, त्यात हवा राहिली तरी काही बिघडत नाही, इथे मातीतली हवा बाहेर काढायची असते, म्हणून तळव्यानं पुढे ढकलायचं, थोडं फिरवायचं, परत ढकलायचं, घडी नाही. मात्र उकडीचे मोदक येत असतील तर एक गोष्ट तुम्हाला आयती येते. पारी करताना अंगठा आत, बोटं बाहेर आणि गोळा फिरवत फिरवत कड पातळ करत जातो ना, चाकाशिवाय हातानं वाटी करायची पद्धत अगदी हीच, तिला पिंच पॉट म्हणतात. आमच्या बॅचमधल्या एका काकूंची पहिलीच वाटी इतकी एकसारखी आली की आम्ही बाकीचे बघतच राहिलो.

आता चाक. चाकावरची सगळी मारामारी सेंटरिंगची आहे, म्हणजे गोळा बरोब्बर मधोमध आणायचा, बाकी सगळं त्यानंतर. सुरुवातीला अर्धा-पाऊण किलोच माती घ्या, दोन किलोचा गोळा घेऊन बसू नका. गोळा चाकाच्या मध्यावर आपटायचा, कडा दाबून चिकटवायच्या, हात ओले करायचे, चाक जोरात, आणि कोपर मांडीला घट्ट टेकवायचं. हे कोपर फार महत्त्वाचं आहे, कारण हात हवेत राहिले की माती आपल्याला हलवते, आणि मग आपण आणखी जोर लावतो, खांदे भरून येतात, गोळा आहे तिथेच. जोर दंडातनं नाही, अंग पुढे झुकवून द्यायचा. डावा तळवा बाजूनं दाबतो, उजव्या हाताची कड वरनं. मग गोळा शंकूसारखा वर चढवायचा, परत खाली दाबायचा, असं दोन-तीनदा. जमलंय की नाही ते बघायला डोळे मिटा, हात नुसता ठेवा, हाताला हिसका बसत नसेल तर आलं मध्यावर. आणि हात झटकन काढायचा नाही कधीच, काढलात की गेलं सगळं.

मला हे जमायला चौथा रविवार उजाडला. तोपर्यंत मी एकही वस्तू ठेवली नाही, आणि माझा खरा सल्ला हाच आहे. जे काही उभं राहील ते तारेनं मधोमध उभं कापा आणि आतनं बघा. तळ किती जाड राहिला, भिंत खाली जाड वर पातळ आहे का (सगळ्यांची तशीच असते), कुठे अंगठा घसरला, सगळं दिसतं. बाहेरनं भांडं गोंडस दिसतं हो, कापल्यावर कळतं. माती परत मळता येते, फुकट काही जात नाही. पण लोक पहिल्याच दिवशीचा तो वाकडा कप धरून बसतात, कारण पैसे भरलेत तर काहीतरी घरी न्यायला हवं ना.

आणखी एक, पाणी कमी वापरा. पाणी फक्त हात सरकण्यापुरतं, जास्त झालं की माती लिबलिबीत होऊन बसते. भांड्याच्या आत साचलेलं पाणी स्पंजनं टिपायचं आणि तळ बोटानं नीट दाबून घ्यायचा, नाहीतर वाळताना तळाला इंग्रजी एस सारखी चीर पडते.

वाळवणं हा वेगळाच प्रकार. उन्हाळ्यात कड पटकन वाळते, तळ ओला राहतो आणि तडा जातो, म्हणून वरनं प्लास्टिक टाकून ठेवतात. पावसाळ्यात उलट, आठवडा झाला तरी वाळत नाही. मध्ये एक अवस्था येते, बोट दाबलं तर खड्डा पडत नाही पण नख मारलं तर ओरखडा उठतो, तेव्हा तळ तासून घ्यायचा. पूर्ण वाळलंय का ते बघायला भांडं गालाला लावा, गार लागलं तर अजून पाणी आहे आत. ओलं भांडं भट्टीत गेलं तर त्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं, आणि शेजारच्याचंही फोडतं.

पहिली भाजणी साधारण 1000 अंशांच्या आसपास, मग ग्लेझ लावून दुसरी, स्टोनवेअर (म्हणजे जास्त तापवून दगडासारखी घट्ट होणारी माती) असेल तर 1200 च्या वर. भट्टी तापायला आणि मग गार व्हायला मिळून एक-दोन दिवस सहज जातात, त्यामुळे सारखे मेसेज टाकू नका. आणि माती आक्रसते. स्टोनवेअरची माती दोन्ही भाजण्या धरून ढोबळमानाने दहा-बारा टक्के, तेही सगळ्या बाजूंनी, म्हणजे आत मावणारा चहा जवळजवळ एक तृतीयांश कमी होतो. मी मोठ्या हौसेनं सकाळच्या चहाचा मग केला होता, हातात आला तो कटिंगचा.

जमलं तर बॅच चालू असताना एकदा जवळच्या कुंभारवाड्यात चक्कर मारा, मुंबईत धारावीचा आहे, पुण्यात कसब्याकडे. संक्रांतीच्या आधी सुगडांची गडबड असते, तेव्हा मध्ये मध्ये करू नका, बाजूला उभं राहून बघा. मोठं मडकं नुसतं चाकावर होत नाही, आधी जाड काढतात, मग आतनं दगड धरून बाहेरनं थापटण्यानं ठोकत ठोकत पातळ आणि मोठं करतात. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर मारलं ते हेच थापटणं, आणि नामदेव कच्चे निघाले ती गोष्ट आपल्याला माहितीच आहे. भाजलेलं भांडं वाजवून बघायची सवय लावून घ्या, खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे.

घरी प्रॅक्टिससाठी गणपतीच्या आधी शाडू मिळतो तो चालेल, पिंच पॉट आणि वळ्या रचून भांडं करायला, पण तो भट्टीत टाकायचा नाही, भिजवून परत वापरायचा. हात बेसिनमध्ये धुऊ नका, पाइप तुंबतो. बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी ओता. आणि फरशीवर वाळलेली माती झाडूनं झाडू नका, ती बारीक धूळ छातीत जाते, ओल्या फडक्यानं पुसा. ते फडकंही त्याच बादलीत पिळायचं, मशीनमध्ये टाकायचं नाही, हे मी आईची बोलणी खाऊन शिकलेय.